प्रोटीनबाई

खोली भाड्याने बघायला गेले तेव्हा मॅडमनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "सकाळी काय खाल्लंस?"

मी मेढ्याहून पहिल्या गाडीने निघून, साताऱ्याला एस.टी. बदलून सांगलीला पोचले होते. सोबत आप्पा, म्हणजे माझे वडील, होते. डिपॉझिट किती, पाणी किती वाजता येतं, दाराला आतून कडी आहे का, असे प्रश्न त्यांनी वाटेत घोकून ठेवले होते. मॅडमच्या प्रश्नाची तयारी आमच्यापैकी कुणाचीच नव्हती.

"चहा आणि खारी," मी म्हणाले.

"आणि?"

"कराडला आणखी एक चहा."

मॅडम आप्पांकडे वळल्या. "पोरीला लॅब टेक्निशियन करायला निघालात आणि पोटात नुसता मैदा घालून आणलीत?"

मग त्या आत गेल्या आणि मोड आलेल्या मटकीच्या उसळीच्या दोन वाट्या घेऊन आल्या. वाट्या रिकाम्या होईपर्यंत भाड्याचा विषय निघालाच नाही. शेवटचा घास खाल्ल्यावर त्या म्हणाल्या, "वरची खोली तुझी." रस्त्यावर आल्यावर आप्पा म्हणाले, "बाई डोक्यानं जरा सरकल्याली हाय. पर मानूस चांगलं हाय." पुढे त्या घरात मी बराच काळ राहिले, पण आप्पांच्या त्या निकालात दुरुस्ती करावी असं मला कधी वाटलं नाही.

मॅडम जवळच्याच एका मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. खाली त्या एकट्या, वर आम्ही दोघी भाडेकरू मुली. विश्रामबागेतल्या त्या गल्लीत त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक असावं. रिक्षावाला, दूधवाला, इस्त्रीवाला, सगळे त्यांना प्रोटीनबाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं. "चांगलं आहे की," त्या म्हणत, "लोक कुणाला शुगरबाई म्हणतात त्यापेक्षा."

खिडकीच्या प्रत्येक गजाला एक तरी फडक्याची पुरचुंडी लटकलेली असे. त्यात मटकी, हुलगे, मूग. कुणाच्या वास्तुशांतीला गेल्या तर आहेर म्हणून पाच किलो हरभरा. लग्नाच्या पंगतीत त्या आचाऱ्याला बोलावून विचारत, "गोडाचे पदार्थ तीन, आणि आमटीत डाळ शोधायला पाणबुड्या पाठवू का?"

या वेडाला कारण होतं. त्यांचे वडील सैन्यात सुभेदार होते. हॉलमध्ये बुद्धाच्या मूर्तीशेजारी त्यांचा गणवेशातला फोटो असे. ते सीमेवर, आणि घर कोरेगावकडच्या एका खेड्यात. घरात भाकरी, मिरचीचा ठेचा आणि पाणी. मॅडमचा धाकटा भाऊ अंगाने सुजला, पोट पुढे आलं, केस तांबूस झाले. वडील रजेवर आले, त्यांनी पोराला उचलून साताऱ्याला नेलं. तिथला डॉक्टर म्हणाला, याला औषध नको, याला डाळ पाहिजे, दूध पाहिजे, अंडं पाहिजे. पोरगं त्यावर बरं झालं. लहान मॅडमनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि तिथून पुढे त्यांचं आयुष्य त्याच वाटेने गेलं. तो भाऊ मी पाहिलाय. आता ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. पोट अजून पुढेच आहे, पण कारण निराळं.

आम्हा भाडेकरणींना मॅडम आमच्या नावांनी हाक मारत नसत. प्रत्येकीला एकेका अमिनो आम्लाचं नाव दिलेलं असे. मी ग्लायसीन. "सगळ्यात लहान. कुठेही मावते, कुणाला टोचत नाही," असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला ते कौतुक वाटलं. माझी शेजारीण शिराळ्याची होती, सदान्कदा मोबाइल कानाला लावून स्वतःच्या खोलीत. ती प्रोलीन. "वीस जणांत हा एकच असा, की ज्याचा स्वतःचा हात वळून स्वतःलाच धरून बसलाय. त्यामुळे साखळीत बसला की साखळीला बाक येतो." प्रोलीनला हे पटलं नाही, पण खाली जेवायला येताना ती मोबाइल वर ठेवून यायला लागली.

हे हातांचं प्रकरण त्यांनी एकदा आमच्या भागातल्या महिला मंडळापुढे मांडलं होतं. महिला दिनाला त्यांना 'आहार आणि आरोग्य' यावर बोलायला बोलावलं होतं. मीही त्यांची पिशवी धरून गेले होते. मॅडमनी माइक बाजूला ठेवला आणि नटूनथटून बसलेल्या सगळ्या बायकांना उठवून उभं केलं.

"प्रत्येकीला चार हात आहेत असं समजा."

"असते तर बरं झालं असतं, मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुम्ही स्वतः म्हणजे मधला कार्बन. डावा हात अमिनो. उजवा हात आम्लाचा. तिसऱ्या हातात बारकासा हायड्रोजन, रुमाल धरलाय म्हणा. हे तीन हात सगळ्यांचे सारखे. चौथा मात्र प्रत्येकीचा निराळा. कुणाचा आखूड, कुणाचा लांब, कुणाच्या हाताला गंधक लागलेलं. स्वभाव ठरतो तो या चौथ्या हातावर. अशा वीस तऱ्हा. आता डाव्या हाताने शेजारणीचा उजवा हात धरा."

हॉलभर साखळी झाली. मॅडम खूश झाल्या. "हात धरताना दोघींच्या मधून पाण्याचा एक रेणू निघून जातो बरं का. पाणी निघाल्याशिवाय जोड बसत नाही. म्हणून तर लग्नात रडतात."

बायका हसल्या. इथे थांबल्या असत्या तर कार्यक्रम वेळेत संपला असता. पण नुसती सरळ रांग म्हणजे प्रोटीन नव्हे, असं मॅडमचं म्हणणं. रांग गुंडाळली गेली पाहिजे. कुणाला पाणी आवडतं ती बाहेरच्या अंगाला, कुणाला पाण्याचा तिटकारा ती आत, गंधकवाल्या दोघी भेटल्या की त्यांनी चौथ्या हाताने एकमेकींना घट्ट धरायचं. "हात सोडायचा नाही! आत शिरा! गुंडाळा!" पाच मिनिटांत चाळीसेक बायकांचा असा गुंता झाला की मंडळाच्या खजिनदारबाईंचा चष्मा कुठे गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या गुंत्याच्या मधोमध उभ्या राहून मॅडम ओरडल्या, "हे प्रोटीन! तुमचे केस हेच, स्नायू हेच, रक्तातला तांबडा रंगसुद्धा हेच! आणि ही साखळी शरीर अमिनो आम्लांच्या आयत्या मण्यांची करतं. मणी खाण्यातून आले नाहीत तर काय ओवणार, कप्पाळ?"

पुढच्या वर्षी त्यांना बोलावलं नाही. मात्र गल्लीत भाकरीबरोबर डाळीचं प्रमाण वाढलं, हे मी स्वतः पाहिलं. ज्वारीत एक मणी कमी असतो, डाळीत दुसरा, दोघी एका ताटात बसल्या की कुणाचंच अडत नाही, हे त्यांनी भाजीवालीलासुद्धा पाठ करून दिलं होतं.

चिडून बोलणाऱ्याला त्या सांगत, "अंडं एकदा उकडलं की परत कच्चं होत नाही. त्याची आतली गुंडाळी सुटते ती सुटतेच. तेव्हा जरा आच कमी." हे मी माझ्या लॅबमध्ये अजूनही वापरते.

आणि नाक. मॅडम प्रत्येक गोष्टीचा वास घेत. दुधाचा, डाळीचा, नव्या पुस्तकाचा, माझ्या ओल्या छत्रीचा. दारात पाहुणा आला तरी त्या आधी किंचित श्वास आत ओढत. "यंत्रं नंतर आली, नाक आधी आलं," त्या म्हणत. आम्ही दोघी वर जाऊन त्यांची नक्कल करून हसायचो.

माझ्या ताईचा शंभू त्या नाकामुळे वाचला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिला आत्याच्या घरी दिली होती, विट्याजवळच्या एका खेड्यात. आमच्याकडे मामाची मुलगी आत्याच्या मुलाला देणं नुसतं चालत नाही, ते शोभतं. दाजींचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान आहे. त्यांचा धाकटा भाऊ प्रशांत त्यांच्या हाताखाली. ताईच्या लग्नातच आत्याने माझ्या गालावरून हात फिरवून, बोटं मोडून मांडवात जाहीर केलं होतं, "ही पन माजीच." सगळे हसले. मीही हसले. पुढे कुणी काही ठरवलं नाही, पण ते ठरल्यातच जमा झालं.

ताई बाहेरून बी.ए. करत होती आणि तिच्या परीक्षेचं केंद्र सांगलीत आलं. ती अडीच वर्षांच्या शंभूला घेऊन माझ्या खोलीवर राहायला आली. पेपरच्या वेळी पोराला कोण बघणार, हा प्रश्नच आला नाही. मॅडमनी त्याला बघितलं, त्याच्या मनगटाभोवती आपली दोन बोटं फिरवली आणि विचारलं, "याला काय घालता?"

"भात खातंय, बाई. काकवी-चपाती आवडीनं खातंय," ताई म्हणाली. "शेजारीच गुऱ्हाळ हाय. पर डाळ म्होरं केली की तोंड फिरवतंय. दुदाला तर शिवत न्हाई. आनि ताप आला की येड्यावानी डुलतंय बगा, निस्ती मान टाकतंय. सलाइन लावलं की उटून बसतंय. आत्या म्हनत्यात दिष्ट लागती."

"दृष्ट कसली? अंगात काही नाही, म्हणून डुलतो. तू निवांत पेपर दे. याला माझ्याकडे सोड."

"त्याला डाळ न्हाई सोसत, बाई."

"सोसेल."

मॅडम कामाला लागल्या. शंभू नको म्हणायचा, त्या गोष्ट सांगायच्या. भातात अंड्याचा बलक मिसळायच्या, बेसनाचे लाडू करून त्यांना बैलांची नावं द्यायच्या. ताई पेपरहून येई तेव्हा मॅडम विजयी चेहऱ्याने सांगत, "दोन बैल खाल्ले आज!" पोराला थोडी सर्दी झाली होती, नाक वाहत होतं. अंगही जरा कोमट लागत होतं. पण थंडीचे दिवस होते, कुणाला त्यात काही वाटलं नाही.

त्या दिवशी मी दुपारी कॉलेजातून आले. ताई पेपरला गेली होती. शंभू हॉलमध्ये भिंत धरून उभा होता. मला बघून तो निघाला आणि दोन पावलांत दारू प्यायल्यासारखा झोकांडी खाऊन खाली बसला. रडलाही नाही. नुसता झापड आल्यासारखा बघत राहिला. आणि मॅडम? मॅडम न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या. शंभूने ओली केलेली चादर त्यांनी दोन्ही हातांनी नाकाला लावली होती.

"इकडे ये. वास घे."

मला शिसारी आली, पण घेतला. "काकवी," मी म्हणाले.

"आज काकवी दिली होती का त्याला?"

"डबा आणलाय ताईनं. अजून उघडलेला नाही."

"आणि उघडला असता तरी काय? काकवी खाऊन लघवीला काकवीचा वास येत नसतो." त्या वेताच्या मोड्यावर बसल्या. चेहरा उतरला होता. "तो नको म्हणत होता गं. त्याच्या शरीराला कळत होतं. मी चारत राहिले."

एवढंच बोलून त्या उठल्या. शंभूला शालीत गुंडाळलं, ओली चादर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि मला म्हणाल्या, "रिक्षा."

बालरोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडमचे विद्यार्थी होते. रांगेतल्या लोकांची माफी मागत मॅडम थेट आत गेल्या आणि पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. "आधी वास घ्या."

डॉक्टरांनी घेतला. मग शंभूच्या डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिली, त्याला उभं करून पाहिलं. "मॅडम, तुम्हाला ज्या आजाराचा संशय येतोय, तो मी फक्त तुमच्या वर्गात ऐकलाय. पेशंट कधी बघितला नाही."

"मीही नाही. पुस्तकात लिहिलंय, या आजारात लघवीला मेपलच्या झाडाच्या पाकासारखा वास येतो. मेपल ना मी पाहिला, ना तुम्ही. म्हणून दर वर्षी वर्गात मी सांगायचे, मुलांनो, काकवी समजा. आज ती नाकात आली."

डॉक्टरांनी वाद घातला नाही, याचं मला अजून कौतुक वाटतं. त्यांनी लगेच ग्लुकोजचं सलाइन लावलं, दूध, डाळ, अंडं सगळं बंद केलं. रक्ताचा नमुना मुंबईला पाठवायची व्यवस्था केली. "पण रिपोर्टला दिवस लागतील," ते म्हणाले.

"तोवर एक जुनी तपासणी आहे. कुणी करत नाही आता," मॅडम म्हणाल्या आणि शंभूच्या लघवीची बाटली घेऊन मला कॉलेजच्या त्यांच्या जुन्या लॅबमध्ये घेऊन गेल्या. ताई परीक्षेहून परस्पर दवाखान्यात पोचणार होती. तिला मी फोन केला होता.

दोन परीक्षानळ्या. एकीत शंभूची लघवी, दुसरीत तुलनेसाठी खुद्द मॅडमची. "लाजायला वेळ नाही," त्या म्हणाल्या. दोन्हींत मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे नारिंगी द्रावणाचे थेंब टाकले. मॅडमची नळी तशीच राहिली. शंभूच्या नळीत आधी धुकं आल्यासारखं झालं, मग पिवळा गाळ हळूहळू तळाशी बसायला लागला. अशा वेळी माणसं 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' म्हणतात. मॅडम स्टुलावर बसल्या, चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, "चला. त्याच्या आईला सांगायचंय."

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये ताई उभी होती. हातात अजून पेपरचं पॅड. मॅडम तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी चारलं त्याला. त्यामुळे झालं."

ताईचा चेहरा लाल झाला. "मी म्हनत हुते न्हवं, त्याला डाळ सोसत न्हाई म्हनून?"

"म्हणत होतीस. मी ऐकलं नाही."

मला वाटलं आता ताई ओरडणार. पण मॅडमनी पुढे काहीच सांगितलं नाही, ना पुस्तक, ना आपला हेतू. ताई बाकावर बसली. मग तिनं बाजूची जागा हाताने झटकली आणि म्हणाली, "बसा. नीट सांगा काय झालंय पोराला."

मग मॅडमनी सांगितलं. वीस मण्यांतले तीन मणी असे आहेत की त्यांचा चौथा हात बेचकीसारखा फुटलेला. या तिघांना मोडायला शरीरात एकच यंत्र. शंभूचं ते यंत्र जन्मतःच मंद. "कारखान्याचं गाळप मंदावलं की उसाच्या ट्रॉल्या दारात उभ्या राहतात की नाही, तसं. रोजचं थोडं खाणं ते कसंबसं उरकतं. ताप आला की शरीर स्वतःचेच स्नायू मोडायला काढतं, म्हणजे ट्रॉल्या वाढल्या. त्यात मी आणखी चार पाठवल्या. रस्ता तुंबला. ते मेंदूला चढतं, म्हणून डोलतो. सलाइनमधली साखर मिळाली की शरीर स्नायू मोडायचं थांबवतं."

"म्हंजे दिष्ट न्हवं."

"नव्हे."

"बरा हुईल?"

"यंत्र बरं होत नाही. पण ट्रॉल्या मोजून सोडल्या तर पोरगं चांगलं वाढेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी शंभू उठून बसला आणि खिडकीतून दिसणारा जेसीबी त्याने आम्हाला सगळ्यांना दाखवला. ताईने पदर तोंडाला लावला. मॅडम पॅसेजमध्ये जाऊन उगाचच नोटीस बोर्ड वाचत राहिल्या. मुंबईचा रिपोर्टही तेच म्हणाला. आजाराचा सौम्य प्रकार होता, आणि एका जीवनसत्त्वाच्या गोळीने त्याचं मंद यंत्र थोडं तरी हललं, हे नशीब.

त्यानंतरच्या मॅडम बघण्यासारख्या होत्या. ज्या बाई साबुदाण्याला 'खडूचा भुगा' म्हणत, त्या आता साबुदाण्याच्या वड्या, रताळ्याचे काप, आरारूटच्या भाकऱ्या करून बघत होत्या, आणि प्रत्येक पदार्थाची चव आम्हा दोघींना बघावी लागे. प्रोलीन एकदा म्हणाली, "मॅडम, माझं प्रोटीन कमी पडतंय." मॅडम भांडं घासता घासता थांबल्या. "आयुष्यभर अख्ख्या सांगलीला प्रोटीन खा म्हणून ओरडले. आणि मला घाई होती ती कुणाला वाढायची, तर ज्याला नको त्याला." त्या हसल्या, पण त्या दिवसापासून कुणी 'नको' म्हटलं की त्या वाडगं खाली ठेवून विचारत, "का नको?" आणि उत्तर ऐकून घेत.

शंभू आता शाळेत जातो. डबा वेगळा असतो, ताप आला की घरात धावपळ होते, बाकी कबड्डीत मार खाऊन येण्याइतका तो इतर पोरांसारखाच आहे. ताई बी.ए. झाली. मी साताऱ्यात एका लॅबमध्ये काम करते. सांगलीला गेले की मॅडमकडे उतरते. वरच्या खोलीत सध्या एक ट्रिप्टोफॅन राहते, अंगाने दणकट, कुस्ती खेळणारी.

पण मला मॅडम आठवतात त्या सगळ्यांत जास्त आत्या आली त्या दिवशीच्या.

शंभूचा आजार आईबापांकडून अर्धा अर्धा आला, आणि दोघांचे आजोबा एकच असल्याने तो जुळून आला, हे मॅडमनी फोनवर दाजींना समजावून सांगितलं होतं. आत्याने ते ऐकलं आणि ती पेटली. "आमच्या घरान्यात असला रोग कुनाला न्हाई. ही कोन बाई आमचं रगत काडनार?" बरेच महिने ती मॅडमचं नाव काढू देत नव्हती. मग एके दिवशी सकाळी, काही न कळवता, विट्याच्या गाडीने ती एकटीच सांगलीला आली. हातात शेंगांची पिशवी.

मॅडमनी काय केलं असेल? उसळ वाढली. आत्याने वाटी हातात घेतली, पण खाल्लं नाही.

"आवं बाई, म्या तुमास्नी लय बोलले."

"मला ऐकू आलं नाही. विटा लांब आहे," मॅडम म्हणाल्या.

आत्याच्या तोंडावर थोडं हसू आलं. मग ती मुद्द्यावर आली. "ही धाकटी," तिने माझ्याकडे बोट केलं, "माज्या धाकट्याला करायची असं ठरलंय. आता शंभूचं बगून माजा जीव हालतोय. करू का नको, ते सांगा. तुमी म्हनाल तसं."

मॅडम एक शब्द बोलल्या की मी सुटले, असं मला वाटलं. पण मॅडम खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"दोघांचं रक्त तपासता येतं. दोघांतही तो दोष असेल तर प्रत्येक मुलाला चारात एक धोका. एकात जरी नसला तरी या आजाराची भीती नाही."

"म्हंजे तपासून करता यील?"

"येईलही."

आत्याचा जीव भांड्यात पडला. माझा गेला. मी घाईने म्हणाले, "पण आत्या, कशाला उगीच? रक्ताचा प्रश्न आहे. जवळच्या नात्यात नकोच. मॅडमच म्हणतात ना."

"मी असं म्हटलं नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "रक्ताच्या मागे लपू नकोस. उद्या रिपोर्ट स्वच्छ आला तर कशाच्या मागे लपशील? तुझ्या आत्या मला विचारायला इतक्या लांब आल्या. तुला कुणी विचारलं नाही. मी विचारते. तुला काय पाहिजे?"

मी आत्याकडे बघितलं. लहानपणी तिने मला मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. प्रशांत चांगला मुलगा होता, कधी वाकडं बोलला नव्हता. कारण सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

"मला हे लग्न नाही करायचं, आत्या," मी म्हणाले. "प्रशांत चांगला आहे. पण मला नाही करायचं. मला शिकायचंय अजून, आणि मग साताऱ्यात नोकरी करायचीय. रक्त चांगलं निघालं तरी नाही."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं, इतकं नीट ती बघत होती. मग तिने वाटी जवळ ओढली आणि खायला सुरुवात केली. निम्मी उसळ संपल्यावर म्हणाली, "एवडंच हुतं, तर तोंड शिवलं हुतं व्हय तुजं?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलंच की आता." तिने आणखी एक घास घेतला. "त्याला म्या सांगती. तुज्या बापाला पन सांगती. तू मधी बोलू नगंस."

मॅडम उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. शेंगा भाजल्याचा वास आला.

दुपारी मी आत्याला स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली, तिने खिडकीची जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली. मी खाली उभी होते. कंडक्टरने घंटी दिली, गाडी हलली आणि तेवढ्यात आत्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आगं, पर करायचंच न्हवतं तर दर दिवाळीला माज्याकडनं साड्या कशाला घेतल्यास गं?"

अर्धी एस.टी. माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार? गाडीच्या बाजूने चार पावलं पळत मी ओरडून सांगितलं, "चांगल्या होत्या म्हणून!"

आत्या हसली. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तिचा हात खिडकीबाहेर हलत होता.